सबंध गांवास एकाच वेळीं औषध : हिंवताप हटविण्याचा एक उपाय

गेल्या वैशाखांत आमच्या मंडळाच्या बैठकींत रोवणीच्या मजुरीचा विषय संपल्यावर एका वयोवृद्ध सभासदांनीं एक प्रश्न काढला. ते म्हणाले, "कांहीं देशांत हिंवताप हटविण्यासाठीं साऱ्या गांवास, म्हणजे आजाऱ्यास आणि धडधाकटासही, एकदमच औषध देतात असें ऐकतों. ज्यास ताप नाहीं त्यानें गोळी कां गिळावी ? आमचा बैल लंगडला तर आम्ही त्याच बैलाचा खूर पाहतों, शेजाऱ्याच्या बैलाचा नाहीं." यावर हंशा पिकला, तेवढ्यांत चहा आला, आणि उत्तर राहून गेलें.

आम्ही वैद्य नव्हों. महसूल खात्यांत खातेदारांच्या, पिकांच्या आणि माणसांच्या याद्या लिहितां लिहितां आमची उमर गेली. तथापि प्रश्न मनांतून जाईना, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यांतील डॉक्टरांकडे चार वेळां जाऊन आणि मिळालें तें वाचून जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. बैलाचें उदाहरण सभासदांनींच दिलें तें बरें झालें. खुरकुताची लस टोचावयास पशुवैद्य येतो तेव्हां तो लंगड्या बैलापुरताच येतो काय ? गोठ्यांतील सारीं जनावरें बाहेर काढावीं लागतात. लस आणि औषध हीं निराळीं खरीं, पण विचार एकच आहे.

हिंवताप हा वाऱ्याचा किंवा शिळ्या अन्नाचा विकार नव्हे. सन १८८० मध्यें लाव्हराँ नांवाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरानें अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत त्याचा जंतू पाहिला, आणि सन १८९७ च्या ऑगस्ट महिन्यांत रोनाल्ड रॉस यानें आपल्याच देशांत, सिकंदराबादेस, डांसाच्या पोटांत त्याचा पत्ता लावला. जंतू माणसाच्या रक्तांतून ॲनॉफिलिस जातीच्या मादी डांसांत जातो, तेथें दहा-बारा दिवस वाढतो, आणि पुढच्या दंशाबरोबर दुसऱ्या माणसांत उतरतो. गाईबैलांच्या रक्तांत हा जंतू राहत नाहीं. डांसाचें आयुष्य फार झालें तर कांहीं आठवड्यांचें. म्हणजे उन्हाळ्यांत डांस कमी झाले असतां रोगाचें बीं राहतें कोठें ? माणसांतच. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर डांस हा पाट आहे आणि माणूस हा तलाव आहे. पाट आटला तरी तलावांत पाणी असेल तर पुढच्या पावसांत पाट पुन्हां वाहूं लागतो.

आतां हा तलाव आजारी माणसांचाच असता, तर प्रत्येक तापकऱ्यास औषध देऊन काम भागलें असतें. अडचण येथेंच आहे, आणि ती तीन प्रकारची आहे.

पहिली अशी कीं ज्या भागांत हिंवताप पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तेथील पुष्कळ माणसांच्या अंगांत जंतू असूनही ताप येत नाहीं. वारंवार आजारी पडून शरीर त्याच्याशीं अर्धवट तडजोड करून बसतें. आमच्या सीमेपलीकडे बस्तरांत सन २०२० च्या जानेवारीपासून घरोघर जाऊन सर्वांचें रक्त तपासण्याची मोहीम निघाली. तींत ज्यांच्या रक्तांत जंतू सांपडला, त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांस तापाचें कोणतेंही लक्षण नव्हतें. ते लोक दवाखान्यांत कशाला येतील ? ते नांगर धरीत होते, मोहफुलें वेंचीत होते, आणि रात्रीं डांसांस बीं पुरवीत होते.

दुसरी अडचण बरे झालेल्यांची. जंतूच्या दोन जाती आपल्याकडे मुख्य आहेत, फॅल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स. पैकीं फॅल्सिपेरम ही प्राणघातक. ताप सुरू झाल्यावर सुमारें दहा दिवसांनीं या जातीचीं नर-मादी रूपें रक्तांत दिसूं लागतात, आणि डांसांत उतरूं शकतात तीं हींच. ताप उतरविणाऱ्या नेहमींच्या गोळ्यांनीं हीं पिकलेलीं रूपें पुरतीं मरत नाहींत. त्यांस प्रायमाक्विन नांवाचें निराळें औषध लागतें. तें न घेतां जो घरीं गेला, तो स्वतः बरा झाला, परंतु कांहीं आठवडे शेजाऱ्यांस धोक्याचाच राहिला.

तिसरी अडचण व्हायव्हॅक्सची, आणि ती लव्हाळ्याशीं झुंजलेल्या माणसास निराळी समजावून सांगावी लागणार नाहीं. बांधींतला लव्हाळा वरून खुरपून टाकला म्हणजे जमीन स्वच्छ दिसते. पण खालीं गांठी राहतात आणि महिन्यानें पुन्हां हिरवे कोंब वर येतात. व्हायव्हॅक्सचे कांहीं जंतू असेच यकृतांत निजून राहतात. रक्त तपासलें तर कांहीं सांपडत नाहीं, माणूस सुदृढ दिसतो, आणि कांहीं महिन्यांनीं डांस न चावतांही ताप उलटतो. या गांठींवरही सांप्रत प्रायमाक्विन आणि त्याच्याच कुळांतील औषधें तेवढीं चालतात. प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा क्रम असतो. तिसऱ्या दिवशीं बरें वाटतें आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यांत पडतात, हा प्रकार आम्हीं आमच्याच घरांत पाहिला आहे.

म्हणून विचार निघाला कीं तापाची वाट न पाहतां साऱ्या वस्तीचें रक्त एकाच काळांत स्वच्छ करावें. ही कल्पना नवी नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यानें सन १९०० मध्यें न्यू गिनी बेटावर, ज्यांच्या रक्तांत जंतू दिसला त्या सर्वांस, ताप असो वा नसो, क्विनाइन दिलें होतें. पुढें क्लोरोक्विन आलें तेव्हां ब्राझील देशांत पिनोटी नांवाच्या डॉक्टरानें सन १९५० नंतरच्या दशकांत तें मिठांतच मिसळून वाटण्याची युक्ति काढली. मीठ प्रत्येकजण खातो, म्हणजे औषध प्रत्येकाच्या पोटांत गेलेंच, असा हिशेब. हिशेब कागदावर उत्तम होता. परंतु कोणी मीठ जास्त खातो, कोणी कमी, आणि तान्हें मूल तर खातच नाहीं. थोडें थोडें औषध रोज पोटांत गेल्यानें कच्चे जंतू मेले व चिवट तेवढे उरले. थायलंड व कंबोडिया यांच्या सरहद्दीवरील पैलिनच्या भागांतही असें मीठ वाटलें गेलें, आणि क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपेरम प्रथम आढळला तो त्याच सरहद्दीवर व दक्षिण अमेरिकेंत. सारा दोष मिठाचाच होता असें आम्ही म्हणत नाहीं. बाजारांत मिळेल तशीं औषधें अर्धवट घेण्याची चालही तेथें होती. आपल्या देशांत असा जंतू सन १९७३ मध्यें आसामांत सांपडला, आणि आज फॅल्सिपेरमवर एकट्या क्लोरोक्विनचा भरंवसा उरलेला नाहीं. कीटकनाशक पातळ करून फवारणाऱ्यास पुढच्या हंगामांत काय पाहावें लागतें, हें कापूस करणाऱ्यांनीं आम्हांस सांगितलें आहे.

आतां जेथें हा उपाय फळास आला तेथील हकीकत सांगतों. पॅसिफिक महासागरांत वानुआतू नांवाचें द्वीपराष्ट्र आहे. त्याच्या दक्षिण टोंकास अनैत्यूम हें लहानसें बेट असून सन १९९१ मध्यें त्यावर ७१८ माणसें राहत होतीं. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम गांवाएवढी वस्ती. तेथें फॅल्सिपेरम व व्हायव्हॅक्स दोन्ही नांदत होते. अकिरा कानेको या जपानी डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील आरोग्य खात्याबरोबर एक बेत केला. पावसाळा सुरू होण्यापूर्वी, डांस कमी असतां, लागोपाठ नऊ आठवडे, आठवड्यास एकदां, साऱ्या बेटास औषध द्यावयाचें. औषधेंही एक नव्हे. क्लोरोक्विन होतें, सल्फाडॉक्सिन व पायरिमेथामिन यांची जोडगोळी होती, आणि नर-मादी रूपांसाठीं व यकृतांतील गांठींसाठीं प्रायमाक्विन होतें. त्याच वेळीं प्रत्येकास कीटकनाशकांत भिजवलेली मच्छरदाणी दिली, आणि जेथें डांसांचीं पिलें आढळलीं अशा कित्येक पाणथळ जागीं तीं खाणारे मासे सोडले.

नऊच आठवडे कां, हें वाचकांस आतां ओळखतां येईल. या मुदतींत आधींचा बाधलेला डांस म्हातारा होऊन मरतो, आणि नवा डांस निघाला तरी त्यास चावावयास स्वच्छ रक्ताचींच माणसें सांपडतात. पाट आणि तलाव दोन्ही एकाच वेळीं कोरडे पाडावयाचे, एवढाच त्यांतला मर्म.

फळ असें आलें. औषधाचा क्रम संपल्यावर बेटावरचा फॅल्सिपेरम नाहींसा झाला. सन १९९३ मध्यें दोघांच्या रक्तांत तो आढळला, पण ते दोघेही तो बाहेरून घेऊन आले होते. व्हायव्हॅक्स आपल्या स्वभावाप्रमाणें रेंगाळला, तरी सन १९९६ पासून तोही दिसेनासा झाला. सन १९९९ पर्यंत लोकांचें रक्त वेळोवेळीं तपासून ही गोष्ट पडताळली गेली, आणि सन २००० मध्यें ती वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध झाली.

या हकीकतींत आमच्या नजरेनें मोठी गोष्ट औषधाची नाहीं, यादीची आहे. नऊ आठवड्यांची हजेरी सरासरीनें दहांत जवळजवळ नऊ पडली. एखाद्यास वाटेल, दहांत एक सुटला तर काय बिघडलें ? तें सुटलेला माणूस कोण, यावर आहे. एका आठवड्यास रामा मासे धरावयास गेला, दुसऱ्या आठवड्यास गोविंदा सासुरवाडीस गेला, तर दोघांच्याही पोटांत आठ वेळां औषध गेलें आणि फारसें बिघडलें नाहीं. परंतु तेच सत्तर जण नऊही आठवडे सुटले, आणि त्यांत पांचांस एक या मानानें जंतू असला, तर चौदा माणसांचा तलाव भरलेलाच राहिला. चौदा माणसें एका गांवास पावसाळाभर पुरतात. बेरजेंत दोन्ही ठिकाणीं नव्वद टक्केच दिसतात. कारकुनीच्या दिवसांत अशा बेरजा आम्हींही वर पाठविल्या आहेत, म्हणून हें अधिकारानें सांगतों.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण उपाय विकणारे ती सांगत नाहींत. आफ्रिका खंडांत नायजेरिया देशाच्या उत्तरेस गारकी नांवाचा भाग आहे. तेथें सन १९६९ पासून १९७६ पर्यंत जागतिक आरोग्य संघटना व तेथील सरकार यांनीं मिळून फार मोठा प्रयोग केला. घरांतून कीटकनाशक फवारलें, आणि कांहीं गांवांत त्याबरोबर सर्व लोकांस ठराविक मुदतीनें औषध दिलें. जेथें औषध अधिक वेळां दिलें, त्या गांवांत जंतू सांपडणारीं माणसें उन्हाळ्यांत शेंकडा एकावर आणि पावसाळ्यांत शेंकडा पांचांवर आलीं. आकडा सुंदर आहे, पण शून्य नाहीं. काम थांबतांच अल्पावधींत हिंवताप पूर्वीच्या पायरीवर चढून बसला. तेथला डांस माणसाच्याच रक्तावर जगणारा, त्याची संख्या अफाट, आणि चहूंबाजूंनीं तसाच मुलूख. अनैत्यूमास चहूंकडे समुद्राचा बांध होता, गारकीस कसलाच नव्हता. शेजारच्या बांधींतून पाणी झिरपत असतां आपली एकटी बांधी कोरडी करण्यासारखें तें काम झालें.

त्यामुळें हा उपाय कोठेंही, केव्हांही करावयाचा नाहीं, असें जाणत्यांचें मत पडलें. सन २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें सर्वांस औषध देण्याची शिफारस केली आहे, पण ती अटींनिशीं. औषध गुणकारी असलें पाहिजे, तें बहुतेक सर्वांच्या पोटांत गेलें पाहिजे, मच्छरदाण्या, फवारणी, तपासणी व उपचार हीं त्याबरोबर चालूं राहिलीं पाहिजेत. त्याच सूचनांत असेंही आहे कीं, सर्वांचें रक्त तपासून जंतू सांपडला त्यासच औषध द्यावें, या रीतीची रोगाचा प्रसार तोडण्यासाठीं शिफारस नाहीं. कारण रक्तांत जंतू थोडे असले तर बोटाच्या थेंबावरची तपासणी त्यांस चुकते.

मौजेची गोष्ट अशी कीं आपल्या शेजारीं हीच दुसरी रीत चालली आहे. बस्तरचा उल्लेख वर आलाच. ओडिशांत सन २०१७ पासून दुर्गम गांवांत वर्षांतून दोनदां जाऊन सर्वांची तपासणी व सांपडेल त्यास उपचार असा क्रम ठेवला, आणि त्याच वर्षीं एक कोटीहून अधिक औषधी मच्छरदाण्या वाटल्या. तेथें सन २०१६ मध्यें हिंवतापाचे चार लाखांहून अधिक रोगी नोंदले होते. सन २०१८ मध्यें ते सत्तर हजारांच्या आंत आले. यांत तपासणीचा वांटा किती आणि मच्छरदाणीचा किती, हें वेगळें काढणें कठीण. आमचें मत विचाराल तर, आपल्या देशाच्या स्थितींत तपासणीच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्याचें कारण औषधाचा धोका हें आहे.

तो धोका असा. कांहीं लोकांच्या रक्तांतील तांबड्या पेशींत जी६पीडी नांवाचें संरक्षक द्रव्य जन्मतःच कमी असतें. एरवीं त्यांस त्याचा पत्ताही नसतो. अशा माणसानें प्रायमाक्विनचा लांब क्रम घेतला तर पेशी फुटूं लागतात; लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, दम लागतो. तसें दिसतांच गोळी बंद करून दवाखाना गांठावा, उद्यांवर टाकूं नये. गर्भवती स्त्रीस व अगदीं तान्ह्या मुलास हें औषध देत नाहींत. म्हणजे 'सर्वांस औषध' यांतील सर्व म्हणजे कधींच सर्व नसतात, आणि वगळावयाचे कोण हेंही यादींतच लिहावें लागतें. आजाऱ्यास धोका पत्करावयास सांगणें सोपें आहे. ज्यास कांहींच झालें नाहीं त्यास तो पत्करा म्हणतांना देणाराची जबाबदारी दुप्पट होते. अनैत्यूमास दिलेलीं औषधें आज आपल्याकडे जशींच्या तशीं चालणार नाहींत हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, आणि बाजारांतून गोळ्या आणून घरच्या घरीं प्रयोग मुळींच करूं नये.

येथें स्वतःची एक गोष्ट कबूल करतों. हत्तीरोगासाठीं आमच्या भागांत सर्वांस गोळ्या वाटतात. तोही याच जातीचा उपाय आहे. धडधाकटांनींही गोळी घ्यावयाची. एका वर्षीं वाटप करणाऱ्या बाईंनीं आमच्या हातावर गोळ्या ठेवल्या, आम्हीं "जेवण झाल्यावर घेतों" म्हणून त्या सदऱ्याच्या खिशांत टाकल्या, आणि बाईंनीं भिडेस्तव वहींत आमच्या नांवापुढें खूण केली. चार दिवसांनीं त्या गोळ्या धुणें धुतांना घरच्यांस सांपडल्या. वहींत आम्ही गोळ्या घेतलेले, आणि गोळ्या धुण्याच्या दगडावर. आमच्यासारखे गांवांत किती असतील तें देव जाणे. आतां देणाऱ्यानें समोर उभें राहून गिळवावयाचें असा नियम आहे, आणि तो कोणास अपमानाचा वाटत असला तरी आम्हांस वाटत नाहीं.

हिंवतापासाठीं सबंध गांवास औषध देण्याचा असा क्रम आमच्या भागांत आज चालू नाहीं. परंतु सन २०३० पर्यंत देशांतून हा रोग घालविण्याचा सरकारचा संकल्प आहे, आणि गडचिरोलीचीं जंगलालगतचीं गांवें हा महाराष्ट्रांतील त्याचा शेवटचा मोठा अड्डा आहे. तेथें उद्यां औषध येवो कीं तपासणी येवो, दोहोंसही माणूस घरीं आणि यादींत असावा लागतो. आणि आपल्या याद्यांतून सुटतात ते कोण, हें खातेदारांइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं. तेंदूपानाच्या हंगामांत महिनाभर जंगलांत मुक्काम करणारे, मिरची तोडावयास तेलंगणांत जाऊन होळीनंतर परतणारे, रोवणीस आपल्या बांधींत येऊन आपल्याच पडवींत निजणारे परगांवचे मजूर, यांचीं नांवें ना आपल्या गांवच्या वहींत असतात ना त्यांच्या. मच्छरदाणीही त्यांस नसते. रात्रीं पडवींत त्यांस चावलेला डांस पहाटेस आंत येतो, त्यास मालक आणि मजूर हा भेद कळत नाहीं.

सभासदांच्या प्रश्नाचें उत्तर येणेंप्रमाणें झालें. येत्या बैठकीपूर्वी प्रत्येकानें आपल्याकडे रोवणीस येणाऱ्या बाहेरगांवच्या मजुरांचीं नांवें, गांव आणि मुक्कामाचे दिवस एका कागदावर उतरून आणावे, अशी विनंति आहे. ते कागद एकत्र करून आशा कार्यकर्तीकडे देण्याचें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें आहे. ज्यांस लिहिणें जड वाटेल त्यांनीं तोंडीं सांगावें, आम्ही लिहून घेऊं. एवढी एक विद्या तरी आमच्यापाशीं आहे.